पद्मिनीचं मिसिंग शोधताना

प्लग बदलले, आठवडा-दोन आठवडे गाडी गुळगुळीत चालली आणि मग पुन्हा मिसिंग. जुनी पेट्रोल गाडी सांभाळणाऱ्याची ही ठरलेली रड. आमच्या कळंबच्या माणसाला तर पद्मिनीबद्दल थोडी आपुलकी असायला हरकत नाही. शेजारचं वालचंदनगर ज्यांच्या नावानं वसलं, त्या वालचंद हिराचंदांनीच 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे तिच्याच कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडली. गाडी बनायची बंद होऊन वीस वर्षांवर झाली, तरी हौसेनं जपलेली एखादी दिसते. मिसिंग तिच्याही पाचवीला पुजलेलं.

पद्मिनीचं इंजिन चार सिलिंडरचं, फायरिंग 1-3-4-2. आयडलला इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लगनं 400 वेळा ठिणगी टाकायची असते. त्यातल्या काही चुकल्या की गाडी थरथरते. त्या कुठल्या चुकतात हे न पाहता सुटे भाग बदलत बसणं म्हणजे नुसता खर्च.

आधी सायलेन्सरच्या तोंडापासून जरा लांब तळहात धरा. हवेचे झोत हाताला लागतात. ठरावीक अंतरानं एक झोत ढिला लागत असेल तर दोष बहुधा एकाच सिलिंडरचा. कधी इथे, कधी तिथे चुकत असेल तर चौघांना सामायिक असलेलं काहीतरी बिघडलंय: कॉईल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर किंवा पेट्रोल.

एकाच सिलिंडरचा संशय असेल तर इंजिन आयडलला ठेवून, इन्सुलेटेड पकडीनं एकेक प्लग वायर काढून लगेच परत लावा. जी काढल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही, त्या वायरचा सिलिंडर आधीच झोपलेला. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर प्लग खराब. नाही सरकलं तर वायर बदलून पाहा. तरीही तिथेच राहिलं तर टॅपेट आणि कॉम्प्रेशन तपासा. कॉम्प्रेशन कमी भरलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर रिंगा झिजल्यात. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इंजेक्शनच्या गाडीवर मात्र वायर काढण्याचा प्रयोग करू नका, तिथे स्कॅनर लावावा.

हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे रेंगाळून ओव्हरटेकला रेस दिली की धक्के बसतात, आयडलला मात्र गाडी ठीक. ही खूण महत्त्वाची. लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि तेवढ्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लग बदलल्यावर तात्पुरतं बरं का वाटतं, तेही यातच आहे. नव्या प्लगच्या कडा धारदार असतात, त्यांना कमी व्होल्टेज पुरतं, म्हणून अशक्त ठिणगीही खपून जाते. कडा बोथट झाल्या की मूळ दुखणं वर येतं.

ते दुखणं बरेचदा डिस्ट्रिब्युटरमध्ये असतं. कॅप काढून आत पाहा: केसासारखी काळी रेघ दिसली तर तिथून करंट पळतोय, कॅप बदला. मग सीबी पॉइंट उघडून निरखा. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार झाला असेल तर कंडेन्सर बिघडलाय. तो न बदलता नवा पॉइंट टाकला तर तोही तसाच जळेल. आता शाफ्ट बोटांनी आडवा हलवा. हलला तर बुश झिजलंय. इंजिन बंद असताना फीलर गेजनं गॅप अगदी बरोबर लावला तरी चालू झाल्यावर शाफ्ट डुगडुगतो, गॅप फेऱ्यागणिक बदलतो, आणि टायमिंगही त्याबरोबर हलतं. मिस्त्रीनं काम चोख केलेलं असूनही मिसिंग परत येतं ते यामुळे. माझ्या मते जुन्या गाडीत ही तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी, होते मात्र सर्वांत शेवटी.

पेट्रोलचंही पाहा. पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ऊसवाल्या भागात त्याविरुद्ध बोलणं जिवावर येतं, पण कार्बोरेटरला ते ओळखता येत नाही. मिश्रण पातळ होतं, जुने रबरी पाइप फुगतात, टाकीतला गाळ सुटून जेटमध्ये अडकतो. चोक किंचित ओढल्यावर मिसिंग कमी झालं तर जेट साफ करा आणि व्हॅक्यूम पाइपला चीर आहे का बघा.

डिस्ट्रिब्युटरचं बुश चांगला लेथवाला करून बसवून देतो. तेव्हा नवे प्लग घेण्याआधी शाफ्ट एकदा हलवून पाहा.