डाळ मोडायची, तिचं पीठ करायचं नाही

आईचं मनगट दुखायला लागलं आणि घरात हँड ब्लेंडर आला. पहिल्या दिवशी मी कुकरमधून काढलेल्या डाळीत तो घातला आणि डाळ अगदी गुळगुळीत होईस्तोवर चालवला. वरण पातळ पिठल्यासारखं झालं. आईने डावाने ते वरखाली करून पाहिलं आणि म्हणाली, "डाळ मोडायची असते, तिचं पीठ करायचं नसतं." गेली सहा वर्षं मी हे यंत्र त्या एका वाक्यावर वापरते आहे.

रवीने हाटताना मनगट थकतं, म्हणून आपण वेळेवर थांबतो. ब्लेंडर थकत नाही. कुठे थांबायचं ते आपणच ठरवायचं. वरणाला मी बटण तीनदा दाबते, प्रत्येक वेळी जेमतेम दोन सेकंद. मध्ये डावाने ढवळून बघायचं. डावावरून डाळ एकसंध उतरली आणि तिच्यात थोडे कण दिसले, की बस.

पात्याभोवतीची घंटेसारखी टोपी आधी पूर्ण बुडवायची, मगच बटण दाबायचं आणि बाहेर काढण्यापूर्वी सोडायचं. यात चूक झाली की ओट्यामागच्या फरशीपर्यंत शिंतोडे उडतात. पातं फिरताना पदार्थ आत ओढतं आणि टोपीच्या खाचांतून बाजूला फेकतं. पातेल्यात पदार्थ कमी असेल तर ते नुसती हवा ओढतं आणि फेस होतो. अशा वेळी पातेलं किंचित कलतं धरायचं. टोपी तळाला चिकटून बसली तर ओढाताण न करता दांडा जरा तिरका करायचा, लगेच सुटते.

स्वित्झर्लंडच्या रॉजर पेरिन्जाके यांनी 1950 साली असं यंत्र घडवलं आणि त्याला 'बामिक्स' नाव दिलं. फेटणं आणि मिसळणं या अर्थाच्या दोन फ्रेंच शब्दांची ही जोड आहे. आपल्याकडे ही दोन्ही कामं रवी पूर्वीपासून करत आली, त्यामुळे मराठी स्वयंपाकात या यंत्राला वेगळी जागा शोधावी लागली नाही.

त्याची खरी जागा मला पालकाच्या पातळ भाजीत दिसली. पालक शिजवून पातेल्यातच हाटायचा, त्यात बेसन टाकून पुन्हा एक झटका द्यायचा, म्हणजे गुठळी राहत नाही. शिजलेली हरभऱ्याची डाळ आणि दाणे मात्र नंतर घालायचे. ते दाताखाली आले नाहीत तर ती भाजी कसली! टोमॅटोच्या सारालाही हेच यंत्र बरं. गरम टोमॅटो मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवले की वाफ कोंडते, झाकण उडतं आणि हात भाजतो. पातेल्यात ती भीती नाही. सालं उरतात, म्हणून शेवटी गाळायचं. खोबऱ्याचं वाटण मात्र याच्याकडून बारीक होत नाही. त्याला मिक्सर किंवा पाटाच हवा.

पावभाजीचा बटाटा याच्या वाटेला कधी जाऊ देऊ नये. वेगवान पात्याने बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि भाजी डिंकासारखी ताणते. त्याला मॅशरच हवा. ताक मी अजून रवीनेच घुसळते, कारण ब्लेंडरने त्यावर इतका फेस येतो की पेल्यात अर्धं ताक आणि अर्धी हवा.

काम झालं की भांड्यात कोमट पाणी आणि थेंबभर साबण घेऊन त्यात तो क्षणभर फिरवावा, पातं आपोआप साफ होतं. पात्यात अडकलेला देठ काढायचा असेल तर एवढं नक्की करा: नुसतं बटण सोडून भागत नाही, आधी प्लग भिंतीतून काढा, मगच बोट आत घाला.