व्यवस्थापनविषयक संशोधन

व्यवसायसंस्थांचे संघटन, मालाचे विपणन आणि वित्ताची उभारणी व विनियोग यांसंबंधीच्या प्रश्नांचा विद्यापीठांत व संशोधनसंस्थांत केला जाणारा पद्धतशीर अभ्यास. एखाद्या कंपनीने आपला खप वाढविण्यासाठी करविलेल्या पाहणीहून तो वेगळा असतो. तशा पाहणीचे निष्कर्ष त्या कंपनीपुरते असतात व बहुधा गुप्त राहतात. उलट, शैक्षणिक संशोधनाची पद्धत, आधारसामग्री व निष्कर्ष ही तिन्ही इतरांना तपासता आली पाहिजेत, अशी अपेक्षा असते.

या विषयाचा पाया अमेरिकेत घातला गेला. फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकागोजवळील हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४–३२ या काळात झालेल्या प्रयोगांमुळे कामगारांच्या परस्परसंबंधांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. वित्ताच्या क्षेत्रात हॅरी मार्कोविट्झ यांचे गुंतवणुकीच्या निवडीसंबंधीचे विवेचन (१९५२) आणि मोदिग्लियानी व मिलर यांचा भांडवल-रचनेवरील सिद्धांत (१९५८) यांनी गणिती पद्धतींना चालना दिली.

महाराष्ट्रातील प्रारंभ : मुंबईत १९१३ मध्ये सिडनम महाविद्यालय निघाले व वाणिज्याच्या उच्च शिक्षणाची सोय झाली. प्रत्यक्ष क्षेत्रपाहणीवर आधारलेल्या संशोधनाची परंपरा मात्र मुख्यतः पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने (स्थापना १९३०) रुजविली. संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसमवेत पुण्यातील फळांच्या विपणनाची पाहणी (१९३३), मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीची पाहणी (१९३५) आणि वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी (१९४०) प्रसिद्ध केली. व्यवस्थापन हे नाव त्या वेळी अभ्यासक्रमांत रूढ नव्हते. तथापि मध्यस्थांची साखळी, वाहतुकीचा खर्च आणि व्यवसायाचा नफातोटा हे या पाहण्यांचे विषय आजच्या विपणन व वित्त या शाखांचेच होत.

शेतीव्यवसायाच्या पाहणीत एक मूलभूत अडचण येते. कुटुंब आणि व्यवसाय यांचे हिशेब तेथे वेगळे नसतात. घरच्यांनी केलेल्या श्रमांची मजुरी किती धरावी, घरी खाल्लेल्या धान्याची किंमत कोणत्या भावाने लावावी, लग्नासाठी काढलेले कर्ज कोठे नोंदवावे, हे आधी ठरविल्याशिवाय नफ्याचा आकडा सांगता येत नाही. कंपनीच्या ताळेबंदात ही उत्तरे कायद्याने व प्रथेने ठरलेली असतात. येथे ती संशोधकाला स्वतः ठरवावी लागतात आणि आपला निर्णय वाचकापुढे ठेवावा लागतो.

ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी : या परंपरेतील सर्वांत दूरगामी कार्य म्हणजे रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये केलेली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी. ए. डी. गोरवाला हे तिच्या मार्गदर्शक समितीचे अध्यक्ष होते, तर गाडगीळ हे एक सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांत सु. १ लाख २७ हजार कुटुंबांची माहिती घेण्यात आली. तत्पूर्वी सहकारी चळवळीची प्रगती सोसायट्यांची संख्या व त्यांनी वाटलेली कर्जे यांवरून मोजली जाई. या पाहणीत प्रश्न कर्ज देणाऱ्याला नव्हे, तर घेणाऱ्याला विचारण्यात आला, आणि चित्र पालटले. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३·१ टक्के, शासनाचा ३·३ टक्के व सावकारांचा सु. ७० टक्के आढळला. समितीचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहकारी संस्थांत शासनाची भागीदारी आणि इंपीरिअल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर (१९५५) ही त्याची ठळक फलिते होत.

पुढील पाहण्यांनी या पद्धतीची मर्यादाही दाखवून दिली. १९८१-८२ च्या पाहणीत ग्रामीण कर्जात संस्थात्मक कर्जाचा वाटा सु. ६१ टक्के दिसला. परंतु सावकारी कर्ज त्यात कमी नोंदले गेले असावे, अशी शंका काही अर्थशास्त्रज्ञांनी व्यक्त केली. सावकाराचे नाव परक्या माणसाला सांगण्यास ऋणको कचरतो. म्हणून विचारणारा कोण, ही बाबही निष्कर्षाचा भाग बनते.

शिक्षणसंस्थांचा विस्तार : कलकत्ता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाल्या. महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था (१९६५), सहकारी व्यवस्थापनाची पुण्याची वैकुंठ मेहता संस्था (१९६७) व राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था (१९६९) या निघाल्या. नागपूर येथे भारतीय व्यवस्थापन संस्था २०१५ मध्ये सुरू झाली. या काळात गृहीतके मांडणे, प्रश्नावली व सांख्यिकीय कसोट्या यांचे शास्त्र पक्के झाले. त्याबरोबरच संशोधन आधारसामग्री सहज मिळेल तिकडे झुकले. भागबाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे भाव व ताळेबंद तयार मिळतात, म्हणून वित्तविषयक लेख बहुतांशी त्यांवर बेततात. ग्राहकवर्तनाच्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थीच पुष्कळदा उत्तरदाते असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या बढतीसाठी प्रकाशनांना गुण ठरविले. त्यामुळे लेखांची संख्या वाढविण्याकडे कल झाला. वर्षभर खेड्यात राहून करावयाची पाहणी अशा हिशेबात परवडत नाही.

न अभ्यासिलेली क्षेत्रे : या झुकावामुळे कोणते प्रश्न बाजूला पडतात, हे पूर्व विदर्भाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव सिंचन तलावाच्या व नागझिरा अभयारण्याच्या लगत आहे. या टापूतील कुटुंबाचे उत्पन्न एका धंद्याचे नसते. खरिपात धान, उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले, एप्रिल-मे मध्ये तेंदूपाने, काहींना तलावातील मासळी व काहींना अभयारण्यात येणाऱ्या पर्यटकांपासूनची मिळकत, अशी ही जुळणी असते. तेंदूची मजुरी ७० पानांच्या पुड्यांच्या शेकड्यावर ठरते, धानाला आधारभूत किंमत असते, तर मासळीचा भाव रोजच्या बाजारात ठरतो. म्हणजे एकाच घरात तीन प्रकारच्या किंमती नांदतात. पेरणीच्या वेळी रोकड कोठून येते, तेंदूचे पैसे उशिरा मिळाले तर कर्ज कोणाकडून काढले जाते व त्यावर व्याज किती पडते, हे वित्तशास्त्राचेच प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे कोणत्याही भागबाजाराच्या आकडेवारीत मिळणारी नाहीत. त्यांसाठी हंगामागणिक त्याच कुटुंबांकडे पुन्हा जावे लागते.

गणिती पद्धतींनी या शास्त्राला काटेकोरपणा दिला, हे निर्विवाद. तथापि पतपाहणीचा ३·१ टक्के हा आकडा धोरण बदलू शकला, तो ६०० खेड्यांत घरोघर जाऊन मिळविलेल्या माहितीच्या बळावर. ज्या व्यवहारांची दप्तरे नाहीत, त्यांच्याविषयी संशोधन झाले नाही, तर धोरण दप्तरे असलेल्यांच्याच अनुभवावर आखले जाते.