वाघाडीकाठची सावली

घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातील वाघाडी नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. तालुक्यात सागाचे जंगल आहे, टिपेश्वरचे अभयारण्य जवळ आहे. असे असता गाव हिरवे करण्याची चिंता तेथे कशास, असे कोणी विचारील. परंतु साग हा उन्हाळ्यात निष्पर्ण होणारा वृक्ष. वैशाखात वऱ्हाडची भुई तापते, नेमक्या त्याच दिवसांत तो सावली देत नाही. शाळेच्या वाटेस आणि बाजारात टोपली मांडून बसणाऱ्या बाईस आधार असतो तो कडुनिंबाचा, वडाचा व करंजाचा. शोभेसाठी कोणी गुलमोहर लावल्यास आमची हरकत नाही; पण तो मादागास्करचा पाहुणा, व वादळात त्याच्या फांद्या लवकर मोडतात.

गाव वाढू लागले म्हणजे घरे नदीकडे सरकतात. नदीस फुगण्यापुरती जागा लागते, हे जुलै २०२३ च्या पुरांत यवतमाळ जिल्ह्याने पाहिलेच आहे. तेव्हा काठाची पट्टी मोकळी राखून तीत अर्जुनसादडा, उंबर, करंज लावावेत. मात्र हे घरे होण्यापूर्वीच ठरावयास हवे. पुण्यात १९९७ साली २३ गावे महानगरपालिकेत आली. तेथील टेकड्या जैवविविधता उद्यान म्हणून राखाव्यात, असा आग्रह नागरिकांनी धरला. सुमारे ९७८ हेक्टरांच्या आरक्षणास शासनाची मान्यता मिळाली ती २०१५ साली. अठरा वर्षे! शिवाय जमीनमालकांच्या मोबदल्याचा वाद त्यापुढेही राहिला, व त्यांचे गाऱ्हाणे अगदीच खोटे होते असे आम्हांस म्हणवत नाही. जमिनीचे भाव गगनास भिडल्यावर असेच होणार.

घाटंजीत ते अजून त्या थरास गेलेले नाहीत. १९६६ च्या नगररचना कायद्यान्वये विकास आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवून हरकती व सूचना मागवाव्या लागतात; त्या वेळी नदीकाठची मागणी लेखी करावी. शहरांतील झाडांची दर पाच वर्षांनी गणना व्हावी, अशी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याची योजना आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांचे वा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते. पण मोजणीदारास झाडाचे वय कोण सांगणार? ते घरातील आजीबाईंस ठाऊक असते. आपण लग्न होऊन आलो तेव्हा दारचा निंब खांद्याएवढा होता, हे त्या सहज सांगतील. नातवंडांनी ते वहीत उतरून घ्यावे, व वहीची एक प्रत नगरपरिषदेत देऊन पोच घ्यावी.