पावली, अधेली आणि संगणकाची नोंदवही

१ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं. त्यापूर्वीं रुपयाचे १६ आणे होते. अधेली ८ आण्यांची, पावली ४ आण्यांची, चवली २ आण्यांची, आणि शेवटीं आणा. प्रत्येक जातीचें फार तर एक नाणें घेऊन १५ आण्यांपर्यंतची कोणतीही रक्कम भरतां येई, व तीही एकाच रीतीनें. १३ आणे म्हणजे अधेली, पावली व आणा, चवली नाहीं. ‘आहे’ला १ व ‘नाहीं’ला ० मानणारा संगणक हेंच ११०१ असें लिहितो.

समजा, भोर तालुक्यांतील भोंगवलीच्या घरांची नोंद संगणकाच्या कोष्टकांत करावयाची आहे. नळाला १, विजेला २, शौचालयाला ४ व शिधापत्रिकेला ८ हे अंक ठरविले. ज्या घरीं वीज तेवढी नाहीं, त्यापुढें १३ लिहिलें कीं पुरे.

आतां शौचालय असलेलीं घरें शोधतांना ‘अंक = ४’ असें विचारल्यास १३ मधील पावली दिसतच नाहीं व तें घर यादींतून गळतें. ‘(अंक & ४) = ४’ असें विचारावें. & हें चिन्ह दोन्ही अंकांत समान असलेलें नाणेंच उचलतें.

नवी नोंद चढवितांना मात्र बेरीज करूं नये. ४ मध्यें चुकून पुन्हां ४ मिळविल्यास दोन पावल्यांची अधेली होते. असलेलें शौचालय पुसलें जातें व नसलेली शिधापत्रिका नांवावर चढते. तेथें | हें चिन्ह योजावें. असलेलें नाणें तें दुसऱ्यानें टाकीत नाहीं.

आणि कोणता अंक कशाचा, याची सूची शेजारींच जपून ठेवावी. ती हरवल्यास १३ हे नुसते तेराच उरतात.