समान चुकांचें गणित

शेजारीं बसलेल्या दोन परीक्षार्थींचीं बरोबर उत्तरें जुळलीं तर त्यांत नवल नाहीं. दोघांनींही अभ्यास केला असेल. शंका येते ती चुका जुळल्या म्हणजे. १९२७ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स बर्ड यांनीं अशा समान चुका मोजून नक्कल, म्हणजे विद्यार्थी जिला कॉपी म्हणतात ती, ओळखण्याची रीत मांडली.

चार पर्यायांच्या प्रश्नांत तीन पर्याय चुकीचे असतात. दोघेही चुकले, व तिन्ही पर्याय सारखेच भुलविणारे असले, तर दोघे एकाच पर्यायावर येण्याचा संभव तिनांत एक. अशा दहाही प्रश्नांत चुका जुळण्याचा संभव ५९,०४९ मध्यें एक इतकाच उरतो. पण एवढ्यावरून कोणास लबाड ठरविणें ही घाई होय. सायखेड्याच्या एखाद्या वर्गांत गुरुजींनींच एखादें सूत्र उलटें शिकविलें, तर सारा वर्ग तीच चूक करील! शिवाय ५०० परीक्षार्थींच्या केंद्रांत १,२४,७५० जोड्या होतात; इतक्या जोड्या तपासल्यावर लाखांत एकदां घडणारा योगायोगही सांपडावयाचाच. म्हणून आंकड्यास बैठकीच्या नकाशाची व पर्यवेक्षकाच्या साक्षीची जोड लागते.

आंकडे निर्दोषास गुंतवितात, तसे दोषीस लपवूंही शकतात. ५ मे २०२४ रोजीं झालेल्या वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते. पेपरफुटीचा बोभाटा झाला, तपास लातुरापर्यंत पोंचला. मद्रासच्या आय. आय. टी.नें गुणांचा आलेख तपासून तो नेहमींसारखा घंटेच्या आकाराचा असल्याचें व सामूहिक गैरप्रकाराचें चिन्ह नसल्याचें सांगितलें. तथापि हजारीबाग व पाटणा येथें प्रश्नपत्रिका फुटली होती, हें सर्वोच्च न्यायालयापुढें निर्विवाद होतें. तिचा लाभ घेतलेले सुमारें १५५ विद्यार्थी आढळले. म्हणजे दर पंधरा हजारांत एक; एवढ्यानें घंटेचा आकार कसा बदलावा? केंद्रवार निकाल पाहिले तर गठ्ठ्यानें झालेली चोरी कदाचित् दिसेल. पण लातुरासारख्या कसून तयारी करून घेणाऱ्या शहरांत गुण अधिक पडले, तर तोही चोरीचा पुरावा नव्हे.

२३ जुलै २०२४ रोजीं न्यायालयानें फेरपरीक्षा नाकारली. दोषी विद्यार्थी निर्दोषांपासून वेगळे काढतां येतील, असें त्याचें मत पडलें. तें वेगळे काढण्याचें काम मात्र आलेखाकडे नव्हे, तपासाधिकाऱ्यांकडेच राहिलें.