घाटात कुणाचा आडोसा?

पुण्यातले सायकलवेडे मित्र पहाटेच्या अंधारात महाबळेश्वरला निघतात. अंतर साधारण 120 किलोमीटर. सातारा रस्त्यावर सगळे एकामागे एक, रांगेत. त्यात शिस्तीपेक्षा हिशेब जास्त! सपाटीवर बरीचशी ताकद हवा कापण्यात खर्च होते. वेग दुप्पट झाला, की हवेचा रोध चौपट. पुढच्याच्या आडोशाने चालवणाऱ्याचे कष्ट तीस टक्क्यांपर्यंत वाचू शकतात. म्हणून पुढचा दमला, की मागे येतो आणि दुसरा वारा खायला पुढे जातो.

वाई सोडली, पसरणीचा घाट लागला, की हा सहकार मोडतो.

वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर आल्यावर हवेचा रोध नगण्य होतो. आता झुंज गुरुत्वाकर्षणाशी, आणि त्याला कुणाचा आडोसा चालत नाही. पाचगणीपर्यंतचा चढ सुमारे 600 मीटर. स्वार आणि सायकल मिळून 85 किलो धरले, तर नुसत्या उंचीसाठी 120 कॅलरी लागतात. पण स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोचवतात, बाकीची घामाघूम करण्यात जाते. म्हणजे खर्च 480 कॅलरींचा. चार-पाच पोळ्या झाल्या!

स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा साठा आटला, की पाय शिशाचे होतात. मेंदूलाही ग्लुकोज लागतेच. त्यामुळे ज्याच्या खिशातली चिक्की आधी संपते, त्याचाच पारा बहुधा आधी चढतो.

परतीच्या उतारावर ही कमाई काही हवा कापण्यात जाते, तर काही ब्रेकमध्ये उष्णता होऊन उडते. वाईत उतरल्यावर डिस्कला बोट लावू नये, चटका बसतो.