प्रतिबंधाची वर्ध्याची वाट

आजार झाल्यावर औषध देणे ही आरोग्यसेवेची एक बाजू असून, आजार होऊच नये किंवा तो अगदी आरंभीच ओळखला जावा यासाठी होणाऱ्या प्रयत्नांना प्रतिबंधक आरोग्यसेवा म्हणतात. देवळी तालुका ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, तेथे या विचाराची परंपरा जुनी आहे. 1951 मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग संस्थेने रुग्णांची वाट पाहत न बसता घरोघरी तपासणी, लोकशिक्षण आणि वस्तीजवळच उपचार अशी त्रिसूत्री रुजवली, त्यामुळे व्यंग येण्याआधीच रोग ओळखणे शक्य झाले.

पुढे 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने याच जिल्ह्यातील सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. तेथील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि कुटुंबांच्या आहाराची, पाण्याची, लसीकरणाची विचारपूस करत वैद्यक शिकते. महाविद्यालयाशी जोडलेल्या कस्तुरबा रुग्णालयाच्या विमा योजनेत गावकरी सुगीनंतर ऐपतीप्रमाणे ज्वारी देत, म्हणजेच आजारपणाची तरतूद धडधाकट असतानाच होत असे.

आज देवळीसारख्या शेतीप्रधान तालुक्यात उच्च रक्तदाब व मधुमेह ही अनेकदा लक्षणे न दाखवता वाढणारी दुखणी खरे आव्हान आहेत. त्यांच्यासाठी मोठ्या इमारतींपेक्षा आशाताईंची नियमित गृहभेट, उपकेंद्रातील तपासणी आणि त्यानंतरचा सातत्यपूर्ण पाठपुरावा अधिक मोलाचा असल्याने, निधी व मनुष्यबळाचा ओघ प्रथम गावाकडे वळला पाहिजे.